गावाच्या आराखड्यात सुटलेली घरं कशी आणायची

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा बहुतेक गावांत रस्ता, गटार आणि पेव्हर ब्लॉकवरच संपतो. पेन्शन अडकलेली म्हातारी, नवऱ्याने टाकलेली बाई, गावाबाहेरचं पारध्यांचं पाल यांचा विषयच निघत नाही, कारण ही माणसं ग्रामसभेला येत नाहीत. म्हणून पहिली बैठक चावडीवर न घेता वस्तीवर घ्या, तीही रात्री आठनंतर, मजूर घरी आल्यावर.

अंगणात रांगोळीने वस्तीचा नकाशा काढा. रांगोळी तिथल्याच बाईच्या हातात द्या. प्रत्येक घराला एक चौकोन. साठीपुढच्या माणसासाठी चिंचोका, दिव्यांगासाठी खडा, एकट्या बाईसाठी तुरीचा दाणा. तीस-चाळीस घरांना दोन तास लागतात. पुसण्याआधी फोटो काढा आणि नकाशा कागदावर उतरवा.

दुसऱ्या दिवशी हा कागद रेशन, पेन्शन आणि अंगणवाडीच्या याद्यांशी ताडून पाहा. नकाशात आहे पण यादीत नाही, असं प्रत्येक घर हे आराखड्यातलं एक काम. माहेरी परतलेली बाई इथे हमखास सुटते: तिचं नाव सासरच्या रेशनकार्डावर, आणि माहेरी कुठल्याच यादीत नाही. तिच्यासाठी तलाठी, पुरवठा विभाग आणि सेतू केंद्र यांचं एकत्र शिबिर वस्तीवरच मागा. तिला तहसीलच्या चार खेपा घालाव्या लागल्या तर चार दिवसांची मजुरी बुडते, आणि अर्ज अर्ध्यावर राहतो.

पैशांचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर, 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. ‘महिला सक्षमीकरण’ एवढंच लिहिलंत, तर मार्चअखेर घाईघाईत शिलाई मशीन येतात आणि ठरलेल्या घरांतच जातात. काम, जागा, लाभार्थी संख्या, महिना आणि जबाबदार माणूस या पाचही गोष्टी लिहा. बिनखर्चाचे ठरावही घ्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केला, त्याला निधी लागला नव्हता.

ग्रामसभेआधी महिला सभा कायद्यानेच घ्यावी लागते. वस्तीवरच्या मागण्या तिथे बायकांनाच मांडू द्या. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. म्हणजे वस्तीवरचे वीस-पंचवीस जण आले तरी सभेचा नूर बदलतो. पण टाकलेल्या बायकांची किंवा आजारी माणसांची नावं माइकवर वाचू नका. संख्या वाचा, नावांची यादी ग्रामसेवकाकडे ठेवा.

बीडसारख्या भागात तारीख फार सांभाळावी लागते. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, आणि आराखड्याचं काम नेमकं 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरतं. तिथे नकाशाची रात्र गणपतीच्या आसपासच उरकून घ्या, आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या-पोरांच्या जेवणाचं काम त्याच वेळी लिहून घ्या.