आमदारांचा कार्यअहवाल दारात आला. तो वाचायचा कसा?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पेपरमधून एक गुळगुळीत पुस्तिका घरंगळली. मुखपृष्ठावर हात जोडलेले आमदार, मागे विधानभवन. मागच्या दोन वर्षांच्या पुस्तिका रद्दीत जायच्या राहिल्या होत्या, म्हणून तिन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. आमच्या वस्तीजवळच्या ओढ्यावरची एक मोरी तिन्हींत सापडली. पहिल्या वर्षी ‘मंजूर’, दुसऱ्या वर्षी ‘भूमिपूजन संपन्न’, तिसऱ्या वर्षी ‘लोकार्पण’. विकासकामांच्या बेरजेत तिची रक्कम तीनदा धरलेली. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. मोरीही झाली आहे, फक्त तिच्या दोन्ही बाजूंना अजून चिखल आहे.

कार्यअहवाल काढलाच पाहिजे असं आमदारावर कायद्याचं बंधन नाही. त्यामुळे त्याला ठरलेला नमुना नाही आणि छापण्यापूर्वी तो कुणी तपासतही नाही. तरी तो फेकून देऊ नका. आपल्या भागात कुठे पैसा आला, कुठे अडला, याचा इतका एकत्र मजकूर दुसरीकडे सहसा मिळत नाही. मात्र वाचताना हातात पेन्सिल हवी.

पहिलं काम: क्रियापदांखाली रेघ मारा

फोटो आणि आकडे सोडा, आधी क्रियापदं बघा. ‘मागणी केली’, ‘पाठपुरावा केला’, ‘मंजूर करून आणलं’, ‘काम प्रगतिपथावर’, ‘पूर्ण’. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या पायरीवर उभा असतो.

सगळ्यात फसवा शब्द म्हणजे ‘मंजूर’. सरकारी कामात मंजुऱ्या अनेक असतात. आधी अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा खर्चात, कामासाठी तरतूद होते, आणि ती कधीकधी नुसती टोकन असते, म्हणजे कोट्यवधींच्या रस्त्यापुढे नावापुरती रक्कम. मग खर्चाला प्रशासकीय मान्यता मिळते. नंतर अभियंते अंदाजपत्रक तपासून तांत्रिक मान्यता देतात. त्यापुढे निविदा, आणि शेवटी ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. अहवालातलं ‘मंजूर’ यांपैकी कुठल्याही पायरीवरचं असू शकतं. माझा स्वतःचा नियम साधा आहे: कार्यारंभ आदेशाची तारीख नसेल तोवर काम कागदावर आहे असं धरायचं. नारळ कधी फुटला, हे त्यात मोजत नाही.

अहवालात मंत्र्यांना दिलेल्या निवेदनांचे फोटोही असतात. ते नीट बघा. पत्राच्या कोपऱ्यात मंत्र्यांच्या हातचा तिरका शेरा असतो: ‘तपासून सादर करावे’ किंवा ‘नियमानुसार कार्यवाही करावी’. खाली सही, तारीख. मंत्रालयात हेलपाटे घातलेल्या कुणालाही विचारा, हा शेरा म्हणजे मंजुरी नव्हे. फाईल हलायला सुरुवात झाली, एवढाच त्याचा अर्थ. पण फोटोत तो फार भारदस्त दिसतो.

दुसरं: काम नक्की कुणाचं?

रस्त्याचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत येतो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. गावातल्या मंडळींना हे लेखाशीर्षांवरून, म्हणजे सरकारी हिशोबातल्या खर्चाच्या खात्यांच्या क्रमांकांवरून, तोंडपाठ असतं. ‘पंचवीस-पंधरामधून झालं’ म्हणजे ग्रामविकास विभागाचा गावांतर्गत मूलभूत सुविधांचा निधी, ‘तीस-चौपन्न’ आणि ‘पन्नास-चौपन्न’ म्हणजे रस्ते-पुलांची लेखाशीर्षं. अहवालात कामासमोर असा आकडा किंवा योजनेचं नाव दिलं असेल तर समजा, लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे काम केलंय. नसेल तर कडेला प्रश्नचिन्ह काढा.

जलजीवन मिशन आणि पंतप्रधान ग्रामसडक योजना यांत केंद्राचाही पैसा असतो. त्यामुळे एकच पाण्याची टाकी खासदारांच्या अहवालात, आमदारांच्या अहवालात आणि सरपंचांच्या फलकावरही दिसते. त्यातही गैर काही नाही, पाठपुरावा तिघांनी केलेला असू शकतो. शिवाय २०२२ पासून बरीच वर्षं कित्येक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर गटारं आणि पथदिवेसुद्धा आमदारांकडे आले.

तिसरं: निधीचे आकडे घरच्या हिशोबात आणा

आमदारांच्या शिफारशीने खर्च होणारा हक्काचा पैसा म्हणजे आमदार स्थानिक विकास निधी. राज्यात तो २०२२ मध्ये ४ कोटींवरून वर्षाला ५ कोटी झाला. आमदार काम सुचवतात, मान्यता आणि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयातून, म्हणजे जिल्हा नियोजनाकडून येतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि जागा २८८. म्हणजे सरासरी एका मतदारसंघात ३ लाख ३७ हजारांच्या आसपास. भागाकार केला तर आमदार निधी दर मतदारामागे वर्षाला जेमतेम दीडशे रुपये पडतो.

हा आकडा डोक्यात असला की अहवालातले ‘१,२०० कोटींची विकासकामे’ वाचताना आपोआप प्रश्न पडतो: यातला आमदार निधी किती, राज्याच्या योजनांचा किती, आणि मतदारसंघातून नुसत्या जाणाऱ्या महामार्गाचा किती? महामार्ग काढून टाकला की आकडा बरेचदा खाली येतो. तिथून पुढचं वाचन खरं.

चौथं: सभागृहातली कामगिरी

‘तीन अधिवेशनांत ३५० तारांकित प्रश्न.’ हे वाचून भारावून जायचं नाही आणि तोंडही वाकडं करायचं नाही. तारांकित म्हणजे मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न. प्रश्न पाठवणं, तो स्वीकारला जाणं आणि प्रत्यक्ष प्रश्नोत्तराच्या तासात त्यावर चर्चा होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तासात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी मिळतात. त्यात एकेका प्रश्नाखाली दहा-पंधरा सदस्यांची नावं एकत्र जोडलेली असतात. तेव्हा संख्येपेक्षा, आपल्या तालुक्याचा प्रश्न कोणता होता, हे शोधा.

प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. त्यांची भाषा एकदा कळली की वाचायला मजा येते. प्रश्न नेहमी असा: ‘अमुक रस्त्याची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ आणि उत्तर: ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’. शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. यांतलं ‘अंशतः खरे’ सगळ्यात कामाचं, कारण त्यानंतर सरकारला कुठला अंश खरा ते सांगावं लागतं, आणि तिथे आकडे, तारखा मिळतात. त्या उलट, ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ असं दिसलं तर पेन्सिल खाली ठेवा, पुढच्या अधिवेशनात बघू.

लक्षवेधी सूचनेवर, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर, मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला असेल तर तो नोंदला जातो. दिलेली आश्वासनं पाळली गेली का, हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समितीही आहे. अहवालात ‘मंत्र्यांनी आश्वासन दिले’ असं असेल तर तारीख टिपून घ्या.

एक सवलत मात्र द्यायला हवी. आपले आमदार मंत्री किंवा विधानसभेचे अध्यक्ष असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्या अहवालात हा रकाना रिकामाच असणार.

पाचवं: ‘कायदा आणला’ म्हणजे काय?

विधेयक मांडलं, संमत झालं आणि कायदा अमलात आला या तीन बातम्या आहेत. महिला-बालकांवरील अत्याचारांसंबंधीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि कायदा काही झालं नाही. त्या वर्षीच्या अहवालात कुणी ‘शक्ती कायदा केला’ असं लिहिलं असेल, तर ते घाईचं होतं. राजपत्रात ‘अधिनियम’ म्हणून प्रसिद्धी झाली का, हे बघितलं की शंका मिटते.

‘मी या विधेयकाच्या बाजूने मत दिले’ हे वाक्यही बहुतेक वेळा पडताळता येत नाही. बरीच विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभागणी मागितली तरच कुणी कुठे मत दिलं ते नोंदलं जातं, आणि पक्षाचा व्हीप, म्हणजे कुठे मत द्यायचं याचा आदेश, असतो तो वेगळाच.

सहावं: एकच काम निवडा आणि मुळापर्यंत जा

सगळा अहवाल पडताळायला बसलात तर दिवाळी संपेल. आपल्या रोजच्या वाटेवरचं एक काम घ्या. शासन निर्णयाची तारीख दिली असेल तर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तो विभागानुसार शोधता येतो. या शासन निर्णयावरच्या (जीआरवरच्या) लांबलचक सांकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. निविदा निघाली असेल तर ती महाटेंडर्स या राज्याच्या निविदांच्या संकेतस्थळावर दिसते.

तिथेही नाही सापडलं तर माहिती अधिकार. ‘जोडपत्र अ’ हा अर्जाचा नमुना भरायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्यायचं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून भाषण लिहू नका. मुद्देसूद मागा: प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीच्या) पानांच्या प्रती, आतापर्यंत दिलेली रक्कम. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, झेरॉक्सचे पानामागे २ रुपये. चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, तो फारसा कुणी वापरत नाही.

मग जाऊन विचारा

कागद हातात आले की ते थेट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. आधी आमदारांच्या संपर्क कार्यालयात जा. सकाळची गर्दी ओसरल्यावर, साडेअकराच्या सुमाराला. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. अहवालाचं पान उघडून एकच प्रश्न विचारा, आणि आवाज नेहमीचाच ठेवा. खुर्चीतल्या स्वीय सहायकाला दिवसभर बदली, दाखला आणि दवाखान्याचं बिल घेऊन आलेली माणसं भेटत असतात. छापील अहवाल वाचून आलेला माणूस त्याच्यासाठी नवलच असतो.

मी मोरीबद्दल एवढंच विचारलं होतं, की तिच्या दोन्ही बाजूंचा पोहोच रस्ता कोणत्या निधीत धरलाय? साहेबांच्या सहायकांनी वही उघडली, चार पानं उलटली, पुस्तिकेतला फोटो पुन्हा एकदा बघितला.

“तो झेडपीकडे येतो हो,” ते म्हणाले. “पण बसा, काका. उपअभियंत्यांना फोन लावतो.”