शिकता शिकता मुलं सांभाळताय? पगार ठरवताना या चुका टाळा

पुण्यात शिकायला आलेल्या कितीतरी मुली संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मूल सांभाळतात. बाणेर, वाकड, खराडीकडे आई-बाबा दोघंही आयटीत असतात. पाळणाघर संध्याकाळी बंद होतं आणि मीटिंग मात्र लांबतच जाते, त्यामुळे मधल्या वेळेला भरवशाचं माणूस लागतं. काम चांगलं आहे आणि कॉलेज सांभाळून जमण्यासारखंही आहे. पण पगाराचं बोलणं बहुतेक जणी पहिल्या भेटीत पाच मिनिटांत उरकतात आणि नंतर वर्षभर मनातल्या मनात कुढतात.

महिन्याचा आकडा ऐकून हो म्हणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, तुम्हाला ९,००० रुपये महिना सांगितले. सोमवार ते शनिवार, दुपारी ४ ते रात्री ८. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४ तास होतात, म्हणजे तासाला साधारण ८६ रुपये. ऐकायला ठीक वाटतं. पण हिंजवडीहून येणारी गाडी रोज ट्रॅफिकमध्ये अडकते आणि तुमची सुटका पावणेनऊला होते. आता तास झाले १२३.५, दर उतरला ७३ रुपयांवर. जाण्यायेण्याचा रोजचा एक तास त्यात मिळवा आणि बस-रिक्षाचे दिवसाला ५० रुपये वजा करा, तर हातात तासाला ५१-५२ रुपये उरतात. शिवाय हॉस्टेलचं गेट नऊला बंद होतं, त्याची धाकधूक वेगळीच.

म्हणून आधी तासाचा दर मनाशी पक्का करा, मग महिन्याचा आकडा बोला. आठनंतर थांबावं लागलं तर दर अर्ध्या तासाचे किती, हे पहिल्याच दिवशी ठरलं पाहिजे. एकदा का सवय लागली की तो वेळ फुकटचाच धरला जातो. यात त्या घराचा वाईट हेतू असतोच असं नाही, पण पैसे तुमचे जातात.

“तूच सांग, किती घेशील?” याला लगेच उत्तर देणं

काम नीट कळल्याशिवाय आकडा सांगू नका. आधी विचारा: मूल किती वर्षांचं? एक की दोन? आजी-आजोबा घरी असतात का? भरवायचं, आंघोळ घालायची, शाळेच्या बसवरून आणायचं, यातलं काय काय आहे? सात महिन्यांच्या बाळाला एकटीनं सांभाळणं आणि सहा वर्षांच्या मुलीसोबत बागेत जाणं, यांचा दर एक असू शकत नाही. गृहपाठ घ्यायचा असेल तर ती ट्यूशन झाली, तिचे पैसे वेगळे.

भेटीला जाण्याआधी त्या भागातले तीन आकडे काढा: जवळच्या पाळणाघराची फी, त्याच सोसायटीत बाळ सांभाळणाऱ्या मावशींचा पगार आणि पहिली-दुसरीच्या ट्यूशनचा दर. सोसायटीच्या गेटवर पाच मिनिटं गप्पा मारल्या तरी बरंच कळतं. मग सरळ म्हणता येतं, “ताई, इथं हा दर चालतो आणि एवढ्या कामाचे मी इतके घेईन.” एवढं बोलून थांबा. समोरची व्यक्ती विचारात पडली की घाईघाईनं “पण कमी केले तरी चालेल” असं म्हणणाऱ्या मुली खूप आहेत. मागणी त्यांनी नाकारलेलीच नसते, आपणच ती खाली आणतो.

“मी काय, विद्यार्थिनीच आहे” म्हणून कमी घेणं

हे मला मनापासून खटकतं. तुमच्या शिक्षणामुळे त्या घराला बाळाच्या औषधावरचं लेबल वाचणारं, अडीनडीला डॉक्टरांशी नीट बोलणारं माणूस मिळतं. मग दर कमी का? दुसरं म्हणजे तुम्ही निम्म्या पैशात तयार झालात की त्याच मजल्यावर काम करणाऱ्या मावशींचा दर पडतो, आणि त्यांचं घर त्यावर चालतं. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून पगारवाढ आणि पगारी सुट्टी मागितली होती. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. आज कुणी महिन्याला दोन पगारी सुट्ट्या सहज मान्य करतं, त्यामागे त्या बायकांची लढाई आहे. तुम्हीही त्या सुट्ट्या हक्कानं मागा.

परीक्षेचं आयत्या वेळी सांगणं

सेमिस्टरच्या परीक्षा साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये येतात. तारखा उशिरा लागतात, पण महिने माहीत असतात. ते पहिल्याच भेटीत सांगा. सबमिशन आणि प्रॅक्टिकलचे दिवसही सांगा. शक्य असेल तर त्या काळासाठी एखादी मैत्रीण सुचवा, आणि बाळाला तिची सवय व्हावी म्हणून तिला आधी दोन-तीनदा सोबत न्या. असं केलंत की परीक्षेची सुट्टी ‘खाडा’ म्हणून कापली जात नाही आणि पगाराच्या बोलण्यातही तुमचं वजन वाढतं.

तोंडी बोलण्यावर सोडून देणं

करारनामा वगैरे नको. त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर असा एक मेसेज पाठवला तरी पुरे:

“ताई, आज आपलं ठरलं ते लिहून ठेवते. सोमवार ते शनिवार, ४ ते ८. पगार ९,००० रुपये, ५ तारखेच्या आत जीपेवर. आठनंतर दर अर्ध्या तासाला ५० रुपये. महिन्याला दोन पगारी सुट्ट्या. तुम्ही गावाला गेलात तर त्या दिवसांचा पगार चालू राहील. बाळाचं खाणं, खेळणं, झोपवणं माझ्याकडे, बाकी घरकाम नाही. काही राहिलं असेल तर सांगा.”

त्यावर “ओके” आलं की झालं. यातलं गावाला जाण्याचं वाक्य गाळू नका. मे महिन्यात घरचे दहा दिवस कोकणात जातात आणि परतल्यावर तेवढे पैसे कापून देतात, ही तक्रार नेहमीची आहे. तुम्ही तर यायला तयार होतात.

“बाकी घरकाम नाही” या शब्दांचंही महत्त्व आहे. “बाळ झोपलंय तोवर एवढे कपडे घडी कर ना” इथून सुरुवात होते आणि दोन महिन्यांत कुकर लावणं, भाजी निवडणं अंगावर पडतं. एखाद्या दिवशी आपणहून मदत केली तर बिघडत नाही. रोजचं झालं की सांगा, “ताई, वरकाम धरायचं असेल तर पगार पुन्हा ठरवू या.” “तू आमच्या घरातलीच आहेस” हे ऐकून छान वाटतं, पण जेवण, जुने ड्रेस किंवा दिवाळीचा फराळ म्हणजे पगार नव्हे.

मूळ मार्कशीट किंवा मूळ आधार कार्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, आणि ती कशासाठी दिली हे तिच्यावर लिहा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

जर्मन शिकून जर्मनीला ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, जाणाऱ्या मुलींनी तिथले नियम तोंडपाठ ठेवावेत: राहणं-जेवण यजमान कुटुंबाकडे, महिना २८० युरो हातखर्च, भाषेच्या कोर्ससाठी महिना ७० युरो, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास आणि दिवसाला ६ तास काम. याहून जास्त राबवून घेणं नियमाबाहेरचं आहे. अमेरिकेत एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर कुणाचं मूल पैसे घेऊन सांभाळणं व्हिसा धोक्यात घालतं, पैसे रोख मिळाले तरीही.

बिनसलंच तर

पगार लांबला तर ६ तारखेलाच आठवण करा. “ताई, या महिन्याचा पगार राहिलाय, मेसची फी भरायची आहे” एवढं पुरे. दोन महिने थकू देऊ नका, कारण मग काम सोडलं की पैसे बुडतील या भीतीनं तुम्ही अडकून पडता. उशीर होईल त्या दिवशी सुटण्याची वेळ मेसेजमध्ये टाका, “८:४० ला निघाले”. महिनाअखेरीस हिशेबासाठी वेगळा वाद लागत नाही. पगारवाढीचं बोलणं सहा महिन्यांनी, शनिवारी निवांत वेळी काढा. दारात चपला घालताना काढू नका.

सोडायचं ठरलं तर पंधरा दिवस आधी सांगा, शक्यतो पगार हातात पडल्यावर. शेवटचा पगार अडवला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पुण्यात ते शिवाजीनगर कोर्टात आहे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते, हेल्पलाइन १५१००. घरातल्या कुणी लगट केली तर पगाराची वाट न पाहता ते घर सोडा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी ते घर म्हणजे कामाचं ठिकाणच आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तातडीची मदत लागली तर १८१ वर फोन करा.