जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेताना

वीस-पंचवीस वर्षं कपाटात पडून राहिलेला ॲम्प्लिफायर हाती लागला की पहिला मोह होतो तो प्लग लावून वाजतोय का ते बघण्याचा. तेवढा मोह आवरा. इतकी वर्षं वीज न मिळाल्याने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या (चार्ज साठवणाऱ्या नळकांड्यांसारख्या भागांच्या) आतला ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. त्याला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं, तर थोड्या साफसफाईने वाजला असता असा सेटही पहिल्याच मिनिटात जाऊ शकतो.

पुढचं सगळं १९७० आणि १९८०च्या दशकांतल्या ट्रान्झिस्टर सेटसाठी आहे. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट डीसी खेळत असतं, तिथे चुकीला माफी नाही. ट्रान्झिस्टरवर हात बसल्याशिवाय त्यात पडू नका.

लागणारं सामान फार नाही: डिजिटल मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर ओढायचा पंप, काँटॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, आणि एक सीरिज बोर्ड, म्हणजे सेटच्या वायरच्या मध्ये एक बल्ब येईल अशी जोडणी. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर अर्धं काम झालं म्हणून समजा.

१. उघडा आणि नुसतं बघा

प्लग काढलेला असतानाच झाकण उघडा. आधी मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेले सेट १०० व्होल्टचे असतात. ते २३० व्होल्टवर लावले की ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागचं बरंच काही जळतं.

मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्याने धरून दोन्ही टोकांना लावा. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पाच-सहा सेकंदांत रिकामा होतो. तरी मीटर लावून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे पुष्कळ भेटतात, पण त्यात टोकं जळतात आणि कपॅसिटरला धक्का बसतो तो वेगळाच.

आता टॉर्च घेऊन निवांत बघा. डोकं फुगलेले कपॅसिटर, काळे पडलेले रेझिस्टर, आणि पीसीबीच्या, म्हणजे सुटे भाग सोल्डर केलेल्या पाटीच्या, खालच्या बाजूला जड भागांच्या पायांभोवती सोल्डरला पडलेली बारीक गोल भेग. ही भेग म्हणजे ड्राय सोल्डर. सेट तापला की आवाज जातो, थापटला की येतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंदही तपासा. तो नवा असताना फिका असतो. उष्णतेने तपकिरी झाला की त्यातून वीज वाहू लागते आणि आसपासचे पाय गंजतात. लाकडी काडीने तो खरवडून काढा. आणि कोणतीही वायर सोडवण्याआधी फोटो काढा, कारण चार दिवसांनी लाल वायर कुठली होती हे आठवत नाही.

२. थंड तपासणी

फ्यूज उडालेला दिसला तर नवा घालून मोकळे होऊ नका. तो कशामुळे उडाला ते हीटसिंकवरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरच्या) आउटपुट ट्रान्झिस्टरकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे, विचारा. मीटर डायोड टेस्टवर ठेवा. चांगल्या सिलिकॉन जंक्शनवर एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा येतो. कलेक्टर आणि एमिटर या ट्रान्झिस्टरच्या दोन पायांत शून्याच्या जवळचा आकडा आला तर तो ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. एक गेला की तो बहुधा एकटा जात नाही. त्याचा जोडीदार, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टर, सगळे तपासा. नवीन बसवताना अभ्रकाची चकती आणि थर्मल पेस्ट विसरू नका, आणि कलेक्टर हीटसिंकला टेकत नाही ना हेही मीटरने बघा. बाजारात नकली आउटपुट ट्रान्झिस्टर सर्रास मिळतात, त्यामुळे खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

३. पहिली वीज सीरिज बल्बमधून

६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब हवा. एलईडी इथे कामाचा नाही. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या साधारण दहावा हिस्सा असतो, म्हणून थोडा करंट बल्ब सहज जाऊ देतो आणि जास्त ओढला की स्वतः पेटून अडवतो. स्पीकर न जोडता सेट चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर छान. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा आणि पुन्हा दुसऱ्या पायरीवर या. बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळतं, म्हणून प्रोटेक्शन रिले (सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणारा स्विच) टक् करत नसेल तर एवढ्यात घाबरू नका.

बल्ब शांत राहिला की तो काढून सेट थेट लावा. रिले लागल्यावर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर कारण शोधा. काही व्होल्ट असेल तर स्पीकर अजिबात जोडू नका, व्हॉइस कॉइल जळेल.

४. साफसफाई

एक चॅनल गायब, व्हॉल्यूम फिरवताना खरखर, बटण हलवलं की आवाज येतो-जातो: असल्या तक्रारींत सुटे भाग बदलण्याआधी क्लीनर हातात घ्या. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मागे किंवा बाजूला छोटी फट असते. नळी तिथे धरून अगदी थोडा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. सिलेक्टर, टेप मॉनिटर (टेप रेकॉर्डरचा आवाज ऐकायचा स्विच), स्पीकर ए-बी, सगळे स्विच असेच. टेप मॉनिटरचा स्विच वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही आणि संपूर्ण सिग्नल मात्र त्यातूनच जातो, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर घ्या.

गंज सोडवायचा साधा स्प्रे इथे नको. मी एकदा आळसाने तोच मारला. दोन दिवस सगळं सुरळीत वाजलं, मग व्हॉल्यूमचा दांडा सैल फिरू लागला, कारण आतलं ग्रीस धुऊन गेलं होतं. शेवटी अख्खा कंट्रोल बदलावा लागला.

एक बाजू हळू आवाजात फाटकी वाजते आणि आवाज वाढवला की अचानक नीट होते? मग रिलेचे काँटॅक्ट काळे पडलेत. पॉलिशपेपर घासू नका, वरचा मुलामा जातो. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा आणि काँटॅक्ट क्षमतेचा नवा रिले घाला.

५. कपॅसिटर बदलायचे का?

सगळे एका बैठकीत बदलावेत असं सांगणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. शंभर ठिकाणी सोल्डर उचकटलं की चार नवे दोष तयार होतात, आणि सेट वाजला नाही तर नेमकं कुठे चुकलं ते कळत नाही. फुगलेले, गळलेले, तापणाऱ्या रेझिस्टरला चिकटून बसलेले आधी बदला. व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही दोन्ही बाजूंना घूं असा आवाज येत असेल तर मोठे फिल्टर कपॅसिटर बदला. तितकेच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तितकंच किंवा जास्त, आणि शक्यतो १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले घ्या. एका वेळी एकच चॅनल करा, म्हणजे दुसरा नमुन्याला राहतो. पोलॅरिटी बसवण्याआधी आणि नंतर, दोन्हीदा बघा.

६. बायस

बायस म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. सेट पंधरा मिनिटं तापू द्या. व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर काढलेले. एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजा: ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिॲम्पिअर. किती हवं ते मॅन्युअल सांगेल. प्रीसेट, म्हणजे बायस ठरवणारा छोटा स्क्रूसारखा कंट्रोल, अगदी हळू फिरवा. मीटरच्या वायरींना क्लिपा लावा आणि त्या सेट बंद असताना अडकवा. चालू सेटमध्ये हाताने प्रोब धरून मोजताना माझा प्रोब एकदा अर्धा मिलिमीटर घसरला आणि दोन आउटपुट ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे गेले.

त्यानंतर डीसी पुन्हा मोजा, गेला तर वाईट वाटणार नाही असे स्पीकर जोडा आणि तासभर हळू आवाजात वाजवत ठेवा. मधूनमधून हीटसिंकवर हात ठेवून बघा. दोन्ही बाजू सारख्याच कोमट लागल्या तरच झाकण बसवा.