माल निघायच्या आधी स्टेपनी एकदा खाली उतरवा

पाऊस तोंडावर आलाय, खता-बियाण्याच्या फेऱ्या चालू झाल्यात, पुढं तोडणी पण येतेय, आणि या सगळ्या घाईत पिकअपच्या बुडाखाली लटकलेल्या त्या पाचव्या टायरकडे कोणी वाकून बघत नाहीये. दरवर्षी हेच. पिकाला सगळं वेळेवर केलेलं असतं, फवारणी चुकवलेली नसते, आणि माल जातो कशाने तर स्टेपनी निघाली नाही म्हणून.

एक प्रसंग डोळ्यासमोर आहे. टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे तीनला गाडी निघाली, मागचा टायर बसला, ड्रायव्हरने हँडल घातलं तर ते फिरेचना, टायर लटकवणारी तार गंजून विंचमध्येच (तार गुंडाळणाऱ्या चरखीत) जाम. बाहेर पाऊस, अंगाखाली चिखल. शेवटी उजाडल्यावर कोणीतरी हातोड्या-छिन्नीने तार तोडली तेव्हा टायर खाली पडला, आणि त्यात हवाच नव्हती! दुपारपर्यंत खालच्या क्रेटमधून पाणी गळायला लागलं होतं. आणि असा प्रसंग एकच नाही हो, थोड्याफार फरकाने हेच मी कितीदा बघितलंय, पालेभाजीत बघितलंय, फुलात बघितलंय.

म्हणून आज-उद्यात एकच काम करा, कोरड्या जागेत गाडी लावा आणि स्टेपनी पूर्ण खाली उतरवा. नुसतं वाकून "आहे की जागेवर" म्हणू नका, हाताने ढकलून पण बघू नका, हँडल घालून जमिनीला टेकेपर्यंत उतरवा.

आता शेतकऱ्याच्याच गाडीत हे इतकं का होतं ते सांगतो. आपण गाडीतून खत नेतो, शेणखत नेतो, फवारणीचे ड्रम नेतो. फाटलेल्या गोणीतलं खत हौद्याच्या फटीतून खाली सांडतं ते थेट स्टेपनीवर आणि तिच्या विंचवर. खत हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याचं खारट पाणी होतं आणि ते लोखंड खातं, त्यावर चिखलाचा लेप बसला की ओल आत कोंडून राहते. तार बाहेरून ठीक दिसते पण आतले धागे गेलेले असतात. मग दोनपैकी एक होतं, तार जाम होते नाहीतर चालत्या गाडीतून टायर तुटून रस्त्यावर पडतो, आणि मागून मोटरसायकलवाला येत असला तर काय होईल ते सांगायला नको. खताची फेरी झाली की हौद्यासोबत खालून पण पाण्याचा फवारा मारा, पाच मिनिटं लागतात.

उतरवल्यावर काय करायचं:
- टायर, डिस्क (चाकाचं लोखंड), तार, तारेच्या टोकाची टायर धरणारी मधली पट्टी धुऊन पूर्ण वाळवा
- तारेचे धागे तुटलेत का ते फडक्याने धरून बघा (उघड्या हाताने नको, धागा घुसतो), तुटले असतील तर तार बदला
- तारेला आणि विंचला वंगण
- व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा, टोपी बसवा
- हवा मोजा
- परत वर घेताना पट्टी सरळ, तार घट्ट, टायर हलवून बघा

विंच जाम असेल तर जोर लावून हँडल पिळू नका, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू द्या आणि सकाळी दोन्हीकडे थोडं थोडं फिरवा. टायरच्या खाली झोपून हे काम करायचं नाही. काही गाड्यांना तार तुटली तरी टायर पडू नये म्हणून आत अजून एक हूक असतो, तो अडकला की नुसत्या हँडलने टायर येत नाही, त्याची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते, घरीच वाचून ठेवा.

हवेचं. दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतं त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे असतात, स्टेपनीत मागच्या टायरचा भरल्या गाडीचा आकडा धरा, टायर थंड असताना. नुसता टांगलेला टायर पण महिन्याला 1 ते 2 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सोडतो. म्हणजे 40 भरून वर्षभर विसरलात तर 20 च्या आसपास आलात, त्यावर भरलेली गाडी चालवली की टायर पाच-दहा किलोमीटरमध्ये बाजूने फाटतो असा माझा अनुभव आहे. शिवाय हवा 10 अंशाने गार झाली की साधारण 2 पीएसआय अजून कमी दिसते, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी भरलेली हवा पावसाळी पहाटे पुरत नाही. मी स्वतः स्टेपनीत 3-4 पीएसआय जास्तच ठेवतो आणि लावताना सोडतो, हे कुठल्या पुस्तकात बघून नाही, पण टायरच्या कडेवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधी जात नाही. लाथ मारून हवा बघणाऱ्यांनी तो नाद सोडावा. आणि हवा मोजायचं मीटर घरात असू द्या. बारकी, वेगळ्या मापाची स्टेपनी असेल तर तिला बहुतेक 60 पीएसआय आणि ताशी 80 ची मर्यादा असते, तिच्यावरच लिहिलेलं असतं, तिच्यावर लोड न्यायचा नाही म्हणजे नाही.

टायरचं वय पण बघा. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. न वापरलेला टायर नवाच असतो हा गैरसमज आहे, रबर बसून बसून पण कडक होतं. 6 वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासा, 10 वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी काढून टाका. बरेच जण घासलेला टायर स्टेपनीला टाकतात, मला पटत नाही, भरल्या गाडीला तर अजिबात नाही. लोड नंबर (टायर किती वजन पेलतो त्याचा नंबर) पण जुळला पाहिजे, 100 नंबर म्हणजे एका टायरवर 800 किलो आणि 112 म्हणजे 1120 किलो, कारचा टायर डिस्कला बसला म्हणून तो पिकअपचा होत नाही.

स्टेपनी काढून शेडमध्ये ठेवणाऱ्यांसाठी: उन्हात नको, डिझेल-ऑइलच्या डागावर नको, आणि चालू मोटर किंवा वेल्डिंग मशीनच्या शेजारी नको, त्यातून ओझोन निघतो आणि रबराला बारीक भेगा पडतात.

दुकानदार या दिवसात बरंच काही गळ्यात मारतात. नायट्रोजन भरा म्हणतील, अहो साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे, दर महिन्याला मीटर लावणाऱ्याला त्याची गरज नाही. टायर चमकवायचं पाणी तर बुडाखालच्या टायरला कोण बघतंय? पंक्चरचं लिक्विड खिळ्याच्या बारक्या भोकाला ठीक आहे, पण कड फाटली तर उपयोग शून्य. तेच पैसे चांगल्या तारेत घाला, ग्रीसचा एक छोटा डबा घ्या.

आता खरी मेख. रिकाम्या गाडीची स्टेपनी आरामात निघते, पण माल भरलाय आणि मागचा टायर बसलाय तेव्हा गाडी इतकी खाली येते की स्टेपनी बाहेर सरकायला जागाच उरत नाही. आधी जॅक लावून उचलावं लागतं आणि मग स्टेपनी काढावी लागते, तेही अंग गाडीखाली न घालता, हुकाने किंवा काठीने ओढून. चिखलात जॅक खचतो म्हणून हातभर लांब, दोन इंच जाड फळी कायम गाडीत ठेवा. एकदा अर्धा लोड भरून, अंगणात, दिवसाउजेडी हे सगळं करून बघा, जॅक पुरतो का आणि पान्हा नटाला बसतो का ते तिथंच कळेल.

चाक बदलताना: हँडब्रेक, गिअर, समोरच्या चाकाला दगड. नट आधी ढिले, मग जॅक. नट आडवे-तिडवे आवळा. 50 ते 100 किलोमीटरने परत आवळा. नटाच्या आट्यांना ग्रीस नको.

ढग आलेत, पाऊस सुरू झाल्यावर चिखलात झोपून हे काम कोणाला करायचंय. आज संध्याकाळी उतरवा, तार तुटकी निघाली तर उद्या नवीन टाकायला एक दिवस तरी हातात राहील.