एचआरमधून सॅपकडे वळताना

एचआरमध्ये दोन-तीन वर्षे काढली आणि पगार जागचा हलेना, की सॅप सक्सेसफॅक्टर्सचे, म्हणजे सॅप कंपनीच्या एचआर कामाच्या संगणकप्रणालीचे, प्रमाणपत्र घ्यावे असा विचार मनात येतोच. माझ्याही आला. चाकणच्या एका कारखान्यात हजेरी आणि पगारपत्रकाचे काम करत असताना मी साठवलेले पासष्ट हजार रुपये पुण्यातल्या एका संस्थेत भरले आणि चार महिने शनिवार-रविवार तिथे घालवले. ती चूक सविस्तर सांगते, कारण आजही मुले-मुली तिथेच अडकताना दिसतात.

कोर्स संपल्यावर संस्थेने जाड कागदावरचे, सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र दिले आणि मी ते बायोडेटात 'सॅप सर्टिफाइड' म्हणून लिहिले. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे डिजिटल बॅजची, म्हणजे सॅपच्या ऑनलाइन प्रमाणपत्राची, लिंक मागितली, आणि माझ्याकडे ती नव्हती. संस्थेचा कागद म्हणजे तुम्ही वर्गाला हजर होतात याची पावती. सॅपचे प्रमाणपत्र सॅपची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सॅपच देते, कोणालाही ते ऑनलाइन पडताळता येते, आणि वेळोवेळी मूल्यमापन देऊन ते चालू ठेवावे लागते. या दोहोंची फी वेगळी, किंमत वेगळी आणि मुलाखतीतले वजनही वेगळे. हा फरक संस्थेने मला सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

दुसरी गोष्ट प्रोव्हिजनिंगची. कंपनीची प्रणाली मुळातून ज्या भागातून उभी केली जाते तो हा भाग, आणि तो ग्राहक कंपनीच्या एचआरलाही उघडता येत नाही. सॅप आणि तिच्या भागीदार कंपन्यांचे सल्लागारच तो हाताळतात. त्यामुळे घरी बसून 'पूर्ण अंमलबजावणी' शिकवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तिथे पैसे भरू नका. पाठ केलेल्या प्रश्नसंचांच्या वाटेलाही जाऊ नका. परीक्षा कदाचित निघेल, पण मुलाखत निघणार नाही.

तरीही घाबरून जाऊ नका, कारण हातात पगारपत्रकाचे काम असेल तर खरे भांडवल तुमच्याकडे आहेच. पुढच्या एका मुलाखतीत मला विचारले गेले, की महाराष्ट्रात व्यवसायकर दरमहा २०० रुपये असताना फेब्रुवारीत ३०० का कापतात. वर्षाची बेरीज २,५०० व्हावी लागते आणि राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने तीच कमाल मर्यादा घातली आहे, हे मी सांगू शकले. महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ असल्याने प्रणालीत नियम वेगळा बांधावा लागतो, हेही सांगितले. हे मला वर्गात नव्हे, तर कारखान्यातल्या जुन्या टाइम ऑफिसच्या साहेबांनी शिकवले होते, आणि माझ्या मते असा एक माणूस दहा प्रशिक्षकांना भारी असतो.

ज्यांना कारखान्यातच राहायचे आहे, त्यांनी आधी कामगार कायदे आणि कामगार कल्याण या विषयांचा डीएलएल अँड एलडब्ल्यू हा पदविका अभ्यासक्रम करावा. ज्यांना सल्लागारच व्हायचे आहे, त्यांनी आपल्या कंपनीत नवी प्रणाली येत असेल तर चाचणीचे काम मागून घ्यावे. मी तसेच केले, आणि वर्षभराने खऱ्या परीक्षेची फी कंपनीने भरली.