जुन्या मस्टँगचे अस्सल पार्ट शोधताना

मस्टँग ही फोर्डची गाडी. आधी तिच्या भागांवरचे नंबर वाचायला शिका, मग शोधायला निघा. फोर्डच्या ओतीव भागांवर उठावाची अक्षरं असतात. माझ्या १९६९च्या मस्टँगच्या ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणासारख्या भागावर) ‘सी८ओई’ आहे. सी म्हणजे साठचं दशक, ८ म्हणजे १९६८, ओ म्हणजे फेअरलेन हे फोर्डचंच दुसरं मॉडेल आणि ई म्हणजे इंजिन. मस्टँगचं अक्षर झेड. म्हणून ओ दिसताच मी असंच एक हेड नाकारलं होतं, आणि ते हेड माझ्या गाडीसाठी अगदी योग्य होतं! अजून हळहळ वाटते. डिझाइन ज्या गाडीसाठी झालं तिचं ते अक्षर. तोच भाग दुसऱ्या मॉडेलमध्येही बसवलेला असू शकतो.

तारखेचा कोड वेगळा असतो, तोही बघा. भाग गाडी जुळण्याच्या थोडा आधी बनलेला हवा. नंतरची तारीख असेल तर विकणारा कितीही शपथा घेवो, तो भाग त्या गाडीचा नव्हे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या पार्टच्या बाजाराला, मी पितळी ब्रश, फडकं आणि टॉर्च घेऊनच जातो. काजळी पुसायची आणि उजेड तिरपा पाडायचा, समोरून नाही. बुजलेली अक्षरंसुद्धा सावलीमुळे उठून दिसतात. भंगारवाल्यांकडे हॉलंडरचं इंटरचेंज पुस्तक मागा. कोणता भाग कोणकोणत्या मॉडेलला चालतो ते त्यात सापडतं, म्हणजे मस्टँगऐवजी फोर्डचीच एखादी दुर्लक्षित टोरिनोही धुंडाळता येते.

फोनवर सौदा करताना आधी नंबराचा जवळून काढलेला फोटो मागवा. तो मिळेपर्यंत पैसे पाठवू नका.