लष्कराविरुद्ध मानवाधिकार आयोगात तक्रार करायची असेल तर

पोलीस कोठडीत कोणी दगावलं की कलेक्टर नाहीतर एसपीने २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायचंच, ही आयोगाची सूचना डिसेंबर १९९३ पासूनची आहे आणि कळवलं नाही तर काहीतरी दाबायचं चाललंय असं आयोग धरून चालतो. बऱ्याच लोकांना वाटतं आर्मीलाही हेच लागू असेल. नाहीये. मानवाधिकार संरक्षण कायदा १९९३, त्यातलं कलम १९ वाचा, लष्कराचं प्रकरण असेल तर आयोग स्वतःची टीम पाठवून चौकशी करू शकत नाही, फक्त केंद्र सरकारकडे रिपोर्ट मागू शकतो. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच मालकाला विचारायचं, असला प्रकार. हे बदला अशी शिफारस आयोगानेच कायद्याच्या आढाव्यासाठी नेमलेल्या न्या. अहमदी समितीने कधीच केलीये, कलम अजून तसंच आहे.

म्हणून पहिलं काम, वर्दी कोणाची होती ते नक्की करा. आपल्या गडचिरोलीचंच बघा, जंगलात एकाच ऑपरेशनला सी-६० आणि सीआरपीएफ दोघं असतात, पण सी-६० हे राज्याचे पोलीस आणि सीआरपीएफ केंद्राचं सशस्त्र दल, त्यामुळे एकाला नेहमीची चौकशी लागते आणि दुसऱ्याला कलम १९. शिवाय पोलीस एन्काउंटरसाठी सुप्रीम कोर्टाची २०१४ ची गाइडलाइन आहे (मुंबईतल्या एन्काउंटरच्या केसमधूनच आलेली), त्यात एफआयआर, सीआयडीचा किंवा दुसऱ्या ठाण्याच्या टीमचा तपास, मॅजिस्ट्रेटची चौकशी आणि आयोगाला लगेच कळवणं हे सगळं आहे. तक्रारीत नुसतं "जवानांनी" असं लिहू नका, युनिट, गाडीवरचा नंबर, बिल्ला, कॅम्पचं नाव जे काही दिसलं असेल ते टाका. दोन्ही दलं होती तर दोघांचीही नावं लिहा.

मुदत एक वर्ष, घटनेच्या तारखेपासून. लोक इथेच अडकतात, आधी लष्कराची कोर्ट ऑफ इन्क्वायरी (त्यांची अंतर्गत चौकशी) संपू दे मग बघू असं म्हणत बसतात आणि वर्ष जातं. थांबू नका. तक्रार मराठीत चालते, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, फी नाही, वकील लागत नाही. आयोगाच्या वेबसाइटवरून करा किंवा पोस्टाने मानव अधिकार भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ ला पाठवा, काही अडलं तर हेल्पलाइन १४४३३. निनावी तक्रार सहसा घेत नाहीत, तसंच कोर्टात चालू असलेली केस आणि बदली-प्रमोशन-पेन्शनची गाऱ्हाणीही. राज्य आयोगाकडे मात्र जाऊ नका, लष्कर त्यांच्या कक्षेतच येत नाही आणि वेळ फुकट जातो.

सोबत काय जोडायचं? तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जवळच्या पोलीस ठाण्याचा कागद. अफ्स्पा (सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या भागात लष्कराने पकडलेला माणूस शक्य तितक्या लवकर जवळच्या ठाण्यात द्यायचा असतो, त्याच कायद्याचं कलम ५. माणूस कधी उचलला आणि ठाण्यात कधी आणला, या दोन वेळांमधलं अंतर तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. माणूस अजून सापडतच नसेल तर आयोगाच्या नादी न लागता आधी हायकोर्टात हेबियस कॉर्पस (माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका) टाका.

केंद्राचा रिपोर्ट आल्यावर आयोग एकतर फाइल बंद करतो नाहीतर शिफारस करतो, आणि शिफारशीवर काय केलं ते केंद्राने तीन महिन्यांत (किंवा आयोग वाढवून देईल तेवढ्या वेळात) कळवायचं असतं. शिफारस बंधनकारक नाही. आयोग गुन्हा चालवू शकत नाही हेही डोक्यात ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या ओटिंगला खाणीतून घरी निघालेले सहा मजूर लष्कराच्या गोळीबारात गेले, आयोगाने स्वतःहून दखल घेतली, नागालँड पोलिसांनी चार्जशीटही लावली, पण केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाई बंद केली. त्यामुळे एफआयआर आणि आयोग, दोन्हीकडे एकदमच जा, एकावर भिस्त ठेवू नका.

फाइल कुठे अडलीये ते कळत नसेल तर आरटीआय टाका. आर्मी आरटीआयखाली येते. सीआरपीएफ, बीएसएफला सूट आहे, पण मानवाधिकार उल्लंघनाची माहिती त्यांनाही केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीने ४५ दिवसांत द्यावी लागते, तेव्हा अर्जात "मानवाधिकार उल्लंघनासंबंधी माहिती" हे शब्द स्पष्ट लिहा, नाहीतर सूट आहे म्हणून अर्ज परत येईल.